रेघेवरची ललिता

अमरावती, ता. ४ मार्च १९६१

ती. दादास,
शालूचा सा. न. व जयभीम. वि. वि. येथे सर्व क्षेम, फक्त माझं डोकं सोडून.

येत्या शुक्रवारी बी.टी.च्या, म्हणजे मास्तरकीच्या, परीक्षेचा शेवटचा पाठ आहे. आठवीच्या मुली, विषय इंग्रजी व्याकरण. तू अकोल्याला तुझ्या शाळेत घेतोस तोच खेळ मी घेणार आहे. अंगणात खडूनं आठ घरं आखायची, नाम, विशेषण, क्रियापद, शब्दयोगी वगैरे, आणि हातात शब्दाचा पुठ्ठा घेऊन प्रत्येकीनं आपापल्या घरात जाऊन उभं राहायचं.

काल सरावात ललिता नावाच्या मुलीला ‘नियर’ आला. ती विशेषण आणि शब्दयोगी यांच्यामधल्या रेघेवरच उभी राहिली. मी रागावले. तर म्हणाली, याचं ‘नियरर, नियरेस्ट’ होते विशेषणासारखं, अन् ‘नियर द वेल’मध्ये हे ‘इन’, ‘ऑन’सारखं नामाले धरून बसते, मंग मी कुठी जाऊ, बाई?

तेव्हापासून चैन नाही. ‘रनिंग’ उचलावं तर अर्धं क्रियापद, अर्धं नाम. जेवताना, कपडे धुताना हेच चाललंय. दादा, तुझी घरं गळतात रे!

राग कमी, लोभ जास्त असू दे, ही विनंती.
तुझी,
शालू

अकोला, ता. ७ मार्च १९६१

चि. शालूस,
अ. आ. तुझं पत्र वाचून हसलो, आणि थोडं झोंबलंही. गळक्या घरांतून माझी पोरं दरसाल मॅट्रिक होताहेत म्हटलं!

काही शब्द रेघेवरचे असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण परीक्षेचा पाठ म्हणजे वादविवाद नव्हे. ‘नियर’चा पुठ्ठा काढून टाक. तू पास झालीस तरच बाळापूरच्या मुलींच्या शाळेतली जागा तुझी. शाळावाले दुसऱ्या परीक्षेपर्यंत थांबणार नाहीत. आपल्या माणसात खोट काढायला लोक टपलेलेच असतात, तू आयती संधी देऊ नकोस. आई तर गल्लीभर सांगत सुटली आहे, माही पोरगी बाळापूरले मास्तरीण होऊन राहिली म्हणून.

जेवण वेळेवर कर, डोकं थंड ठेव आणि म्हाताऱ्या भावावर जीव असू दे.
तुझा,
धर्मपाल

अमरावती, ता. १० मार्च १९६१

ती. दादास,
सा. न. पुठ्ठा मी काढला होता. ललिता घरून स्वतः रंगवून घेऊन आली! आणि परीक्षकांसमोर थेट रेघेवर. त्यांनी मला विचारलं, हिचं घर कोणतं. मी म्हणाले, दोन्हीकडे पाय आहे, जरा शब्दयोगीकडे झुकतं.

नंतर व्हरांड्यात, मुलींच्या देखत ते म्हणाले, बाईंनाच माहीत नाही तर मुलींनी काय शिकावं? सोमवारी हाच पाठ पुन्हा घ्यायचा. ती मुलगी घरात उभी दिसली तर पास, नाही तर नापास.

ती खोटं सांगत नाहीये, दादा. काय करू? शेजारचे मोतीरामकाका उद्या हे पत्र घेऊन अकोल्याला येताहेत, परवा परत निघतील. त्यांच्या हाती उत्तर दे. वाट पाहून जीव जातोय.
तुझी,
शालू

अकोला, ता. ११ मार्च १९६१

चि. शालूस,
अ. आ. खुळी आहेस का? उभी कर तिला घरात आणि मोकळी हो! नोकरी लागल्यावर रेघा पुसायला जन्म पडलाय. मी तुला हात जोडतो. आई विचारते, पोरगी रात्रीची झोपते का नाही. काय सांगू तिला?
तुझा,
धर्मपाल

अमरावती, ता. १३ मार्च १९६१

ती. दादास,
सा. न. तुझंच ऐकायचं ठरवून गेले होते. हे खरं मान.

पण मला काही सांगावंच लागलं नाही. ललितानं शुक्रवारचं बोलणं ऐकलं होतं. तिनं पुठ्ठा घेतला आणि माझ्याकडे न बघता सरळ शब्दयोगीच्या घरात जाऊन उभी राहिली. परीक्षकांनी मान डोलावून पेन उघडलं. मी गप्प बसले असते तर संपलं होतं. पण तोंडून निघून गेलं, इथं का गं? खाली मान घालून म्हणाली, तुमी पास व्हा म्हणून, बाई.

माझ्या वर्गात एवढीशी पोर खोटं वागायला शिकली, आणि तेही माझ्या भल्यासाठी. मला रडू आलं. तिचा हात धरला आणि तिला परत रेघेवर आणून उभी केली.

बाळापूर गेलं. पाठ आता सप्टेंबरात पुन्हा. आईला तूच सांग, माझी हिंमत होत नाही. आणि किती दिवस रागावणार आहेस तेही कळव. तेवढे दिवस इथं काढते, मग घरी येते.

लोभ आटू देऊ नये, एवढंच मागते.
तुझी,
शालू