बसून झोपणारी

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! तोकुलेआ बेट, पहिली नेमणूक आणि स्वतःचं घर. बोटीत सगळा रस्ता उलट्या काढल्या, पण धक्क्यावर अख्खी शाळा गाणं म्हणत उभी होती, तेव्हा हसावंच लागलं. हेडमास्तर पाउलिआसी हातवारे करून मुलांना गायला लावत होते. त्यांची बायको लुसेआने हिने मला मिठी मारली, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मुलगाच आहे असं सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. पाचवा महिना लागलाय. नवरा, आइसेआ, न्यूझीलंडला सफरचंदं तोडतोय. बाळ होईल तेव्हा येईन म्हणतो, बघू.

घर शाळेच्या मागे, चढावर आहे. पत्र्याचं छप्पर, पावसाच्या पाण्याची टाकी, दारात नीरफणसाचं झाड. झोपायच्या खोलीत लोखंडी पलंग भिंतीला लावलेला, आणि पलंगाच्या वर भिंतीवर एक गोल काळपट डाग. बोट लावून पाहिलं तर तेलकट. आधीच्या बाई डोक्याला खोबरेल थापून तिथे टेकून वाचत बसत असणार. शाळेतला उरलेला पांढरा रंग मागून घेतलाय, उद्याच तो डाग पुसून टाकते.

वाटेत दफनभूमी लागते. एका ताज्या थडग्यावर इतकी सुरेख गोधडी टांगली होती! लाल कापडावर पिवळे अननस, टाका न् टाका सारखा. असली एक मलाही शिवून घ्यायची आहे. कुणाची शिवण आहे ते विचारलं पाहिजे.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्चमध्ये पहिल्यांदा वरच्या पट्टीत गाणाऱ्यांत उभी राहिले. शेवटच्या ओळीचा सूर मी इतका लांबवला की पाउलिआसींचा स्वतःचा दम संपला आणि ते माझ्याकडे बघत हात हलवत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, पोरी, तुझ्या छातीत भाता आहे काय? वावाउ बेटावरची आहे मी, म्हटलं, आम्ही पाळण्यातच गायला लागतो. सगळा दिवस ते वाक्य आठवून खूश होते.

भिंत रंगवली. खोली दुप्पट मोठी वाटते.

बुधवार, ५ मार्च

धक्क्यावरून घरी येताना चढावर मधेच थांबावं लागलं. दवाखान्यात नर्स ओफेइनाला सांगितलं. ती म्हणाली, अगं, कमरेला ताओवालाची चटई करकचून बांधून मुलांना शिकवतेस, वर बाळ खालून ढकलतंय, श्वास जाणार कुठे? सैल बांध. मग म्हणाली, आधी काही आजार? म्हटलं, नाही. लहानपणी गुडघे सुजायचे, महिन्याच्या महिन्याला ढुंगणावर सुई असायची आणि माझं रडणं सगळ्या वावाउला ऐकू जायचं. राजधानीला, नुकुआलोफाला, कॉलेजात गेले तेव्हा ते संपलं. ती म्हणाली, ह्या चढावर गुडघे कुणाचे धड आहेत? दोघी खूप हसलो.

डाग रंगातून वर आलाय. लुसेआनेला दाखवला, तर तेल रंगाचं ऐकत नाही म्हणाली. आधी इथे कोण राहायचं विचारलं तेव्हा तिला एकदम मटणाच्या डब्यांची आठवण झाली, आणि ती चार डबे देऊन गेली. दोन जिवांची आहेस, खा. खारट आहे, पण मी खाते.

रविवार, ३० मार्च

आज सूर तुटला, तोही ओळीच्या मध्यावरच. पाउलिआसींनी सगळ्यांसमोर विचारलं, नवऱ्याबरोबर श्वासही न्यूझीलंडला पाठवलास का? सगळे हसले. मीही हसले, जेवढा दम होता तेवढा.

घरी अळूच्या पानात भाजलेलं मटणाचं लू खाऊन दुपारी आडवी झाले. डोळा लागला आणि छातीवर कुणीतरी बसलं. खरंच बसलं, वजनासकट. उठून खिडकीशी धावले, गज धरून उभी राहिले. मग ऐकू आलं की खोलीत कुणीतरी श्वास घेतंय. ओला, तडतडणारा श्वास, ओली लाकडं चुलीत घातल्यावर वाजतात तसा. नीट ऐकावं म्हणून मी माझा श्वास रोखला.

तोही थांबला.

गुरुवार, १० एप्रिल

मोठ्या बेटावरचा डॉक्टर आला. सकाळपासून रांगेत बसले आणि तीन वाक्यं पाठ करून ठेवली होती. मला आडवं झोपता येत नाही. झोपेत गुदमरून उठते. भजनाची एक ओळ पुरी होत नाही. तीनही वाक्यं स्पष्ट म्हटली, मास्तरीण आहे मी.

डॉक्टर म्हणाला, गरोदर बाईला धाप लागतेच. वजन वाढलंय. नवरा लांब आहे ना? एकटी झोपतेस? काळजी करू नकोस, पहिलटकरणीला असं वाटतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. छाती ऐकायची नळी त्याच्या गळ्यात शेवटपर्यंत लटकत होती, तिला त्याने हातसुद्धा लावला नाही. वाक्याच्या मध्यातच ऐकणं सोडून दिलेला चेहरा मला ओळखता येतो. माझ्या तिसरीच्या वर्गात तसे निम्मे चेहरे आहेत. त्यांना मी उभं करते. ह्याला काय करू?

इतका राग आला की रडू आलं. रडायलाही दम लागतो.

शनिवार, १२ एप्रिल

लुसेआनेला आज सोडलं नाही. ती गोधडी कुणाची, इथे कोण राहायचं, सांग. शेवटी तिने सांगितलं.

काटालिना. माझ्यासारखीच मास्तरीण, गेल्या वर्षी ह्याच पलंगावर. सातव्या महिन्यात बसून झोपायला लागली. खिडकीतून दिसायची, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं. पोरं घाबरून ह्या वाटेने यायची बंद झाली. गावाने ठरवलं, हिची आत्या रागावली असणार. भावाच्या लेकीवर आत्या रागावली की बाळंतपण अडतं, हे आपल्याकडे कोण नाकारतं? लग्नात आत्याला मानाची चटई दिली नव्हती म्हणे. आत्या सापडेपर्यंत काटालिना गेली. बाळही गेलं.

डॉक्टर काय म्हणाला होता तिला, विचारलं. लुसेआनेने आठवून आठवून सांगितलं. वजन वाढलंय. एकटी झोपतेस का. पहिलटकरणीला असं वाटतं. शब्द न् शब्द तेच.

गोधडी लुसेआनेनेच शिवलीय. मी तिला चिडवायचे गं, म्हणाली, पहिलटकरणीचे चोचले म्हणायचे. मग तिने माझे हात धरले. तुझ्या आत्याला बोलाव. आजच बोलाव.

मी फोन केला. माझा विश्वास आहे की नाही मला माहीत नाही. भीती आहे, एवढं खरं.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर

आता मीही बसून झोपते. पाठीला उशा, डोकं भिंतीला.

आज उठल्यावर वळून पाहिलं. डाग बरोबर माझ्या डोक्यामागे होता. ना वर, ना खाली. काटालिना माझ्याच उंचीची असावी.

किंवा तो आता माझा आहे.

शुक्रवार, २५ एप्रिल

फुसी आत्या आली. धक्क्यापासून तिचा आवाज ऐकू येत होता. निम्मं गाव दारात जमलं. मी चटई तिच्या पायाशी ठेवली, क्षमा मागितली. वेडी का तू, म्हणाली, माझ्या भावाची लेक, तुझ्यावर मी कशाला रागावू? रागवायचं तर तुझ्या बापावर रागवेन. हातावर तेल घेऊन तिने माझ्या पोटाला लावलं, केसांना लावलं, मोठ्याने सांगितलं की माझ्या मनात काही नाही. बाहेर सगळ्यांनी सुस्कारा सोडला. संध्याकाळी घरोघरून जेवण आलं.

मीही वाट बघत बसले. श्वास मोकळा होईल म्हणून.

रविवार, २७ एप्रिल

काही फरक नाही.

आत्या दोन दिवस माझ्याशेजारी झोपली. सकाळी उठून ती गप्प होती. आत्या आणि गप्प! मग म्हणाली, तो आवाज तुझ्या छातीतून येतो. खोलीतून नाही.

मग विचारलं, सुई कधी बंद केलीस?

कुठली सुई, म्हटलं. गुडघ्यांची?

ती गुडघ्यांची नव्हती, आत्या म्हणाली. शाळेत डॉक्टर आले होते, सगळ्या पोरांची छाती ऐकली. तुझ्या काळजातली एक झडप ताप येऊन खराब झाली होती. आणखी बिघडू नये म्हणून सुई. तुझ्या बापाने सांगितलं, पोरीला कळू द्यायचं नाही, घाबरेल, उद्या लग्नाला कोण घेईल? पुढे गुडघे सुजायचे थांबले. सगळ्यांना वाटलं, गेलं.

तुला माहीत होतं, मी म्हटलं. आत्या रडायला लागली. मला तिचा राग करायचा होता. पण त्यालाही दम लागतो, आणि तो मला बाळासाठी हवाय.

मंगळवार, २९ एप्रिल

ओफेइनाला झडपेचं सांगितलं. ती पांढरी पडली, लगेच मोठ्या इस्पितळात फोन लावला. पलीकडच्याने विचारलं, आजाराचा कागद आहे? नाही. मग पुढच्या डॉक्टरच्या फेरीला दाखवा. ती भांडली. फोन ठेवला गेला.

पाय सुजलेत. बोटाने दाबलं की खड्डा राहतो.

शुक्रवार, २ मे

सरकारी बोट नादुरुस्त. सोमवारी येईल म्हणतात.

उत्तर देताना मधेच थांबते. मुलं वाट बघतात. आज एकाने माझं वाक्य पुरं केलं. बरोबर केलं.

आत्या पाठीशी बसते. तिच्या छातीला टेकून झोपते मी. भिंतीला नाही. भिंतीला टेकायचं नाही, ठरवलंय.

रविवार, ४ मे. फाकामे

मुलांचा रविवार. सगळी पांढऱ्या कपड्यांत. मी शिकवलेली वचनं म्हणाली असतील. मला इथवर ऐकू येत नाही—

खोकला. रुमालावर गुलाबी फेस.

रविवारी बोट निघत नाही. कुणाचीच. कायदा आहे, पाप आहे. आत्या चर्चमध्ये गेली, मधेच उभी राहिली म्हणे, भर वचनांत. बोट द्या. कुणी हललं नाही. मग लुसेआने उठली. नवऱ्याला म्हणाली, सगळ्यांसमोर, मी एक गोधडी शिवलीय, दुसरी शिवणार नाही. चल.

पाउलिआसी चर्चच्या कपड्यांतच आले. मला उचललं. बोट त्यांचीच, मासेमारीची. त्यांनी आज माझ्याकडे बघून एकही विनोद केला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

काटालिनाच्या थडग्यासमोरून नेलं मला. गोधडी वाऱ्यात—

बोटीत

बसूनच. आत्या पाठीशी. उशी ती.

पाणी शांत. लुसेआने भजन म्हणतेय. मी ओठ हलवते.

बाळ हलतंय. तू हल. मी श्वास घेते. वाटून घेऊ.

इस्पितळ. रविवारच

दारात पुन्हा— धाप लागतेच— आत्या ओरडली. झडप! काळजाची झडप! अख्खं इस्पितळ ऐकेल असं.

तरुण डॉक्टर आला. नळी लावली. डोळे मिटले. खूप वेळ ऐकलं. पहिल्यांदाच कुणीतरी— चेहरा बदलला त्याचा. दुसऱ्याला बोलावलं. तिसरी आली. आळीपाळीने ऐकताहेत. धावपळ. बोलतात एकमेकांशी, माझ्या डोक्यावरून.

सापडलं म्हणतात. रडले. आत्याही—

यंत्र आणलं. आतलं बघायचं. आडवं व्हा म्हणतात.

नाही म्हटलं. आवाज नाही निघत. मान हलवली.

फक्त थोडा वेळ. घाबरू नका. पहिलटकरणीला—

लिहून दाखवते.

आडवं करू नका

धरलंय वर. तो यंत्राकडे बघतोय.

नातेवाईक बाहेर. आत्याला उठवलं. पाठ गार पडली. दारात भांडतेय ती. दार लावलं.

इथली भिंत पाहिली. पांढरी. स्वच्छ. डाग नाही. इथे कुणी बसून झोपलेलं नाही. कुणाला बसू दिलं—

काटालिना, इथेच का—

पलंगाचा दांडा फिरवताहेत. डोक्याकडचा. खाली—

वही धरलीय. बघा ना. बघा—

सगळे वाकलेत. सगळे ऐकताहेत. छातीचं ऐकताहेत. माझं—