ओंडक्यावरची गोधडी

नागपूर, ५ डिसेंबर १९८३

तीर्थरूप बाबांच्या पायी कोकिळाचा नमस्कार.

कोलंबोच्या आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेहून काल परतले. बीमवर मला रौप्यपदक मिळालं, सुवर्ण लंकेच्या मुलीला. उडी घेऊन उतरताना ती जराही हलली नाही, माझा पाय सरकला. चढताना मात्र मनाशी म्हटलं, हा आपल्या ओसरीतला निंबाचा ओंडकाच आहे.

येत्या रविवारी रेडिओवर माझी मुलाखत आहे, सगळ्यांना बोलवा. मधूदादाला म्हणावं, ओंडक्यावरून ढकलायचास ना, आता स्टेशनावर माझी पेटी उचलायला ये.

तुमची लाडकी,
कोकिळा

आंजी (मोठी), १२ डिसेंबर

चि. कोकिळास नानाजीचा आशीर्वाद.

मुलाखत आयकली. सारं गाव अंगणात बसलं होतं, तानबानं तर हार आणला होता. तू म्हणाली, घरी काहीच नव्हतं, सरांनीच पहिल्यांदा मले बीमवर उभं केलं. लोकं माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. मी रेडिओ बंद केला, सेल संपले म्हणून सांगतलं. कोणाले पटलं नाई.

माहं नाव नाई घेतलं, ते सोड. आखाड्यात जे शिकलो तेच तुले शिकवलं. पण काहीच नव्हतं, असं काऊन म्हणाली? तुले खरचटू नये म्हणून तुह्या मायनं अंगावरची गोधडी त्या ओंडक्याले शिवली. तिचा अखेरचा हिवाळा होता तो. पोतं पांघरून निजली बिचारी. तुले सारं आठवते, म्हणूनच जीव जळते.

लोभ आहे, राग बी आहे.
तुहा बाप

नागपूर, १७ डिसेंबर

तीर्थरूप बाबा, नमस्कार कोणत्या तोंडानं करू?

सरांनी बजावलं होतं, ओंडक्याची गोष्ट काढलीस तर लोक हसतील आणि पुढच्या संघात तुझं काही खरं नाही. मी घाबरले. आई डोळ्यांपुढे होती, तरी तेच बोलले. संक्रांतीला येते. पदक त्या ओंडक्यावर ठेवीन, गावासमोर खरं काय ते सांगीन.

माया पातळ करू नका.
कोकिळा

आंजी (मोठी), २३ डिसेंबर

चि. कोकिळास आशीर्वाद.

येजो. घर तुहंच आहे, आत्या तीळ निवडून राह्यली. गावाले काई सांगू नको, गावाले सारं माहीत आहे. ज्यायनं रेडिओ आयकला त्यायले सांगता आलं तर सांगजो.

पदक ओंडक्यावर ठेवू नको. गोधडी मी उसवून काढली, धुतली, आता मीच पांघरतो. तू रेडिओवर म्हणाली ते आता खरं झालं. तिथं काहीच नाई.

तुहा बाप,
नानाजी