तात्यांचा एकच चंद्र

२१ जानेवारी, बुधवार

आली! माझ्या धाकट्या भावाने, स्वप्नीलने, पाठवलेली दुर्बीण आली. साधीसुधी नाही — दोन नळ्यांची, दोन्ही डोळ्यांनी आकाश बघायची. उचलली तर हात भरून येतो. भाऊसाहेबांनी मस्कतला बसून ऑर्डर केली, लालबागला आमच्या दारात हजर. तात्यांनी खोका मांडीवर घेतला तो सोडेचनात. शेजारचा राजरत्न कामाला निघाला होता, त्याला दारातच अडवला. "माझ्या झिलान धाडल्यान!" मुलाचं कौतुक सांगत मग वरचा मजला. मग खालचा.

दिवाळीला मी तात्यांना चष्म्याची फ्रेम दिली होती. वीस वर्षं दादरच्या दुकानात चष्मे विकतेय, त्यातली सगळ्यात हलकी निवडून आणली. ती कुणाला दाखवली का? नाही! नाकावरच तर आहे म्हणे, दिसतेच की लोकांना.

२३ जानेवारी, शुक्रवार

दुकानातून आले ती थेट गच्चीवर. घरातल्या फोटोच्या स्टँडवर दुर्बीण चढवली, तर स्टँडने मानच टाकली. कितीही आवळा, हळूहळू नाक खाली. चंद्र निसटून समोरच्या टॉवरच्या खिडक्या दिसायला लागतात. कुणी गच्चीवर चाललं तरी सगळं थरथरतं. मला हसू येत होतं, दाबलं.

राजरत्न लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याने आपला जाडजूड स्टँड आणला, मधल्या दांड्याला एल आकाराची पट्टी लावून दिली, खाली पिशवीत चार विटा टांगल्या. आता हलेना. मी डोळे लावले.

दोन चंद्र! एकावर एक, जरासे तिरके. टॉवरच्या टोकावरचा लाल दिवासुद्धा दोन. राजरत्न म्हणाला, "ताई, कुरियरवाल्याने आपटली वाटतं. आतली काच सरकलीय."

खरं लिहू? बरं वाटलं. इथे कोण बघतंय!

मग तात्या वाकले. बराच वेळ बघत राहिले. "दोन खंय? एकच आसा. लख्ख!"

२४ जानेवारी

स्वप्नीलचा फोन. "ताई, तात्या म्हणतात एकदम मस्त आहे." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी तात्यांनी चहा कपाबाहेर ओतला. बशीत, टेबलावर, माझ्या पेपरवर. लक्ष सगळं गच्चीवर! मीच पुसलं.

मग चष्मा काढून म्हणाले, "ही डावी काच बघ गो जरा. मळल्यासारी वाटता." उजेडात धरून बघितली. एक ओरखडा नाही. माझ्या हातची काच, मळेल कशी? पण मी दिलेल्या वस्तूत खोट दिसते, आणि त्याच्या दुर्बिणीत दोन-दोन चंद्र असून दिसत नाही! म्हटलं, "तुमच्या झिलाला सांगा. मस्कतहून नवी पाठवेल."

तात्यांनी चष्मा घातला आणि खिडकीत जाऊन बसले.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी, त्यामुळे संध्याकाळी अर्धी बिल्डिंग गच्चीवर. तात्यांनीच बोलावलेली. चंद्र बरोबर डोक्यावर. दुर्बीण तेवढी वर वळेना, वळवली तर बघणाऱ्याला जमिनीवर बसून मान मोडून घ्यावी लागते. शेवटी खुर्ची आणली, स्टँड उंच केला. रांग लागली. एकेक जण बघतो आणि माझ्याकडे बघतो. बकुळामावशींना राहवलं नाही — "अगो, माका तर जोडचंद्र दिसलो!" सगळे हसले.

तात्या हसले नाहीत. "तुमच्या डोळ्यांका झालाहा काय? एकच तर आसा!"

डोळे लबाड असतात, हे मला दुकानात शिकवलंय. काचा थोड्या सरकलेल्या असल्या तर डोळे दोन्ही चित्रं ओढून एक करतात, मग डोकं ठणकतं. पण एवढं अंतर? एवढं कुणाचेच डोळे ओढणार नाहीत. म्हणजे सरळ खोटं. लाडक्यासाठी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खोटं!

माझी सटकली. सगळ्यांसमोर बोलले, "स्वप्नीलने दगड पाठवला असता तरी तुम्हाला त्यात चंद्र दिसला असता."

राजरत्नने उगाचच विटांची पिशवी नीट केली. तात्या कठडा धरत धरत खाली गेले.

आजारपणात उशाशी कोण? मी. पेन्शनच्या रांगेत कोण? मी. आणि लख्ख कोण? तो! जळते मी, हो, जळते. आई असती तर म्हणाली असती, जवळची ती काळी नि लांबचा तो गोरा.

२८ जानेवारी, बुधवार

ठरलं. मीच दुरुस्त करणार. स्वप्नीलवर उपकार म्हणून नाही. मला तात्यांच्या तोंडून फक्त एवढंच ऐकायचंय — आधी दोन होते, तू एक केलास.

दुकानातले बारीक पेचकस आणलेत. रबराच्या सालीखाली चार इवले स्क्रू आहेत, आतली काच त्यांनी हलते. एका नळीवर झाकण ठेवायचं, लाल दिवा दुसरीच्या मधोमध आणायचा. मग झाकण बदलायचं आणि दिवा कुठे पळाला ते बघायचं. स्क्रू केसभर फिरवायचा. केसभरच! आज जरा जास्त फिरला आणि दुसरा दिवा थेट शिवडीकडे गेला. मान आखडलीय. उद्या परत.

३० जानेवारी, शुक्रवार

जमलं!! काल अर्धं, आज पुरतं. चंद्र एक. शेजारी गुरू, तोही एक. डोळेच ओढून एक करत नाहीत ना, म्हणून वीतभर मागे होऊन पाहिलं, तरी एकच. राजरत्नने बघून हात जोडले. "ताई, काय हात आहे तुझा!"

पळत खाली गेले. सोमवारपासून आमचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतंच. तरी हाताला धरून वर आणलं तात्यांना. बघितलं त्यांनी. मी श्वास रोखून उभी.

"पयल्यापासून असोच होतो," म्हणाले.

मी जेवले नाही. काय करावं म्हणजे या माणसाला मी दिसेन?

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी तात्याच म्हणाले, "आज परत जावया गच्चीर." बहुतेक माझी समजूत काढायला. संध्याकाळी गेलो, दोघंच. चंद्र जवळजवळ पूर्ण. आधी मी एकदा झाकण ठेवून तपासलं, मग त्यांना खुर्चीत बसवलं.

डोळे लावून म्हणाले, "ढग इलो काय गो?"

वर पाहिलं. ढगाचं नाव नाही.

"नाय गो, काळोख आसा सगळो."

उजव्या नळीवरचं झाकण काढायचं माझ्याकडून राहिलं होतं. डावी उघडीच होती. त्यांना बाजूला करून मी डावीत वाकून बघितलं. आख्खा चंद्र, लख्ख.

तात्या एका शब्दाने खोटं बोलले नव्हते. डाव्या डोळ्याने त्यांना दिसतच नाही.