बौद्धवाड्यातला हापसा

जाफराबाद तालुका,
रविवार, दुपार

प्रिय बेबीनंदा,

घनसावंगीहून तुझी दोन पत्रं आल्ती. एक लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला, दुसरं तुझा थोरला झाला तेव्हा. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आज चाळीस वर्षांनी लिहायला बसले आहे, तेव्हा तू हे पत्र आधी बाजूला ठेवशील असं वाटतं. ठेवलंस तरी चालेल. कामं उरक, चहा घे, मंग वाच. फोन करता आला असता, पण फोनवर तू विचारशील काय काम काढलंस, आणि माझी जीभ तिथंच अडेल. अक्षर अजून तसंच आहे माझं. शाळेत तू त्याला कोंबडीचे पाय म्हणायचीस.

आधी गावाची खबर सांगते. दीड वर्षापूर्वी घरोघरी नळ आले. शाळेमागं टाकी बांधली आहे, सकाळी पाऊण तास पाणी येतं. चांगलंच झालं, डोक्यावरचं ओझं गेलं. पण बाया आता एकमेकींना दिसत नाहीत. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची लेक माहेरी आली, हे पूर्वी रांगेत कळायचं. आता मयतीलाच गाठ पडते. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. तुला माहीत असेल, मला भाऊ नव्हता म्हणून ह्यांना घरजावई करून आणलं होतं, त्यामुळं मी जन्मले त्याच घरात म्हातारी झाले. गंधाली, माझी लेक, पुण्यात नोकरी करते. आणि तुमच्या वाड्यातला हापसा अजून आहे. नळाची मोटार जळाली की सगळं गाव त्याच्याकडंच पळतं.

मागच्या दिवाळीत गंधालीनं मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. आफ्रिकेतलं कुठलं तरी गाव. लाल माती, पाठीला लेकरं बांधलेल्या बाया, पिवळे कॅन, आणि मधोमध आपला हापसा. बिलकुल तोच. तीच लोखंडी पेटी, तोच लांब दांडा, आणि दांड्याला लोंबकळणाऱ्या दोन पोरी. गंधाली म्हणाली, आई, याचं मूळ आपल्या जालन्याचं आहे, मी वाचलं. मी म्हणाले, मला बारा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. आठवतं का तुला, हापसा बसवायला आलेला तो तालुक्याचा फिटर? जेवणाच्या सुट्टीत त्यानंच सांगितलं होतं. पूर्वीचे बिडाचे पंप एका घरापुरते असायचे, गावानं वापरले की महिन्या-दोन महिन्यांत मोडायचे. मंग जालन्यात बोअर खोदणाऱ्या मिशनच्या लोकांनी दणकट पंप घडवला, सोलापूरवाल्यांनी त्यात सुधारणा केली, आणि पुढं सरकारनं तसाच पंप देशभर लावायला घेतला. तुझा भाऊ संघपाल तेव्हा पंधरा-सोळाचा. त्यानं फिटरला इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, अरे, मला भाकर तरी खाऊ दे.

हापशाच्या आधीचं मला फार आठवू नये असं वाटतं, पण आठवतं. तुझी आई विहिरीपासून दहा पावलं लांब, रिकामी घागर घेऊन उन्हात उभी असायची, आणि कुणी तरी वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचं. पुष्कळदा ते ओतणारी माझी आई असायची. मी आईच्या पदराआडून तुला बघायचे. वर्गात आपण एका बाकावर होतो, आणि विहिरीवर तू मला ओळखही दाखवायची नाहीस.

मंग बोअरची गाडी आली. मारुतीच्या देवळापाशी खोदलं तर नुसता धुरळा. शाळेजवळ खोदलं, तिथंही धुरळा. तुमच्या वाड्याच्या उताराला मात्र दीडशे फुटांवर पाणी लागलं आणि चिखलाचा फवारा उडाला. माझे वडील, अण्णासाहेब, तेव्हा सरपंच. त्यांनी साहेबाला खूप समजावलं की पाइप टाकून हापसा वर गावात आणा. साहेब म्हणाला, असं होत नसतं, बोअर तिथंच हापसा. आठ दिवस आमच्या आळीतल्या बाया नदीत झिरे उकरून पाणी भरत राहिल्या. नवव्या दिवशी आईनं घागर उचलली आणि मला म्हणाली, चल. वडील ओसरीवर बसलेले होते. त्यांनी वर पाहिलं नाही, आईनंही विचारलं नाही.

पहिले काही महिने घरी आल्यावर आई त्या पाण्यात तुळशीचं पान टाकायची. मंग कधी तरी विसरली. टाकू नको असं तिला कुणी सांगितलं नाही, तिनंही तसं काही ठरवलं नाही. फक्त एक दिवस माझ्या ध्यानात आलं की पान टाकणं बंद झालं आहे, आणि तुझी आई माझ्या आईच्या डोक्यावर घागर चढवून देत आहे.

आपली मैत्री हापशाच्या ओट्यावरच झाली. दांडा एकटीला रेटायचा नाही, म्हणून दोघी लोंबकळायचो. चाळीस हापसे मारले की घागर भरायची. तू मोजायचीस आणि मधेच आकडे खायचीस. हापशाच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा, पाणी साचू द्यायचं आणि मंग हात काढून गटागटा प्यायचं, हे तूच मला शिकवलंस. पाण्याला लोखंडाचा वास यायचा. अजूनही येतो. दहावीचा निकाल आपण त्याच ओट्यावर बसून ऐकला, आणि जालन्याच्या कॉलेजात दोघींनी मिळून जायचं हेही तिथंच ठरवलं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात हापसा मोडला, ते तुला विसरणं शक्य नाही. त्याच्या आठ दिवस आधी रांगेवरून भांडण झालं होतं. आमच्या आळीतल्या काही बायांचं म्हणणं, पहिला नंबर आमचा. संघपालनं सगळ्यांसमोर सांगितलं, रांग म्हणजे रांग. त्याच महिन्यात तालुक्यावरून कागद आला होता की हापसा दुरुस्त करायला शिकवायचं आहे, गावातला एक जण जालन्याला पाठवा. नाव संघपालचं गेलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. आणि हापसा मोडला तसं गाव म्हणालं, यानंच मोडला, आमची जिरवायला. चावडीवर बैठक झाली. कुणी हात उचलला नाही, शिवीही दिली नाही. वडिलांनी फक्त त्याचं नाव कापलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं संघपाल जालन्याला गेला, एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात लागला, आणि भट्टीसमोर त्याचं आयुष्य गेलं.

बेबी, हापसा मी मोडला होता.

त्या दिवशी जेवताना वडिलांनी सांगितलं की माझं कॉलेज नाही, जावई बघून ठेवला आहे. मी ताटावरून उठले, कळशी घेतली आणि भर दुपारी तुमच्या वाड्यात आले. चिटपाखरू नव्हतं. माझ्या अंगात इतका राग होता की मी दांडा वर उचलून आपटत राहिले, पाण्यासाठी नाही, नुसतीच. कितव्यांदा ते माहीत नाही, पण आत काही तरी कडकन तुटलं आणि दांडा माझ्या हातात लुळा पडला. मी अर्धी कळशी तिथंच ओतून दिली आणि पळाले. चार दिवसांनी, बैठक होऊन गेल्यावर, तू मला नदीवर गाठलंस. तुझे डोळे सुजले होते. तू विचारलंस, “तारा, तू त्या दुपारी हापशावर गेल्ती का? कुणी दिसलं का तुला?” मी म्हणाले, “न्हाई.” तू लगेच मान हलवलीस. तुला माझं खरं वाटलं, हेच मला सहन झालं नाही. तुझ्या लग्नाला मी आले नाही ती त्यामुळं, आणि पत्रांना उत्तर दिलं नाही तेही त्यामुळं. तुला वाटलं असेल, पाटलाची पोर, मोठी झाली आणि बदलली.

पुढं बऱ्याच वर्षांनी संघपाल मला जाफराबादच्या स्टँडवर भेटला. केस पांढरे झाले होते, हातावर भाजल्याचे डाग. लहानपणी तो मला तारा म्हणायचा, त्या दिवशी ताराबाई म्हणाला. मुलाबाळांची विचारपूस झाली. गाडी लागली तेव्हा तो पिशवी उचलत म्हणाला, “ताराबाई, दांड्याची ती आतली चेन तुम्ही तोडली न्हाई. ती आधीच झिजली होती, मी तालुक्याला दोनदा कळवलं होतं. मी दारातच बसलेलो होतो त्या दुपारी.” त्यानं गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. तो म्हणाला, “तुम्ही तिथं होत्या एवढं बोलल्या असत्या, तरी बस झालं असतं.” मंग गाडीत चढला. सरपंचाच्या पोरीचं नाव घेतलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हे त्यालाही बराबर माहीत होतं आणि मलाही. तरी मी घरी येऊन गप्पच राहिले. वडील तेव्हा हयात होते, हे एक कारण. ते गेले, तेव्हा ह्यांचं कारण होतं. कारणं मिळत राहिली. तीन वर्षांपूर्वी संघपाल गेल्याचं कळलं, त्याच्या मातीलाही मी आले नाही.

त्याची बायको आणि लेक अर्पिता नंतर गावात परत आल्या, हे तुला ठाऊकच आहे. पोरीनं आयटीआय केलं आहे. नळाची टाकी, मोटार, व्हॉल्व सांभाळायला ग्रामपंचायतीला माणूस पाहिजे होता, तिनं अर्ज केला. मागच्या शुक्रवारी ग्रामसभा होती. तिचं नाव वाचलं तसा आमच्या आळीतला कडूबा उठला आणि म्हणाला, हिच्या बापानं हापसा मोडला होता, हिच्या हातात टाकी कशी द्यायची? काही जण हसले. कडूबा त्या साली रांगतही नव्हता, बेबी. त्याला कुणी तरी सांगितलं, त्याला आणखी कुणी तरी, आणि ते खोटं असं घराघरात पोचलेलं. मी उभी राहिले. म्हणाले, “हापसा मी मोडला होता. अण्णासाहेबांच्या तारानं.” बाकीचंही सगळं सांगितलं, चावडीवरच्या बैठकीसकट. कडूबा मोबाइलात बघत बसला. मंग ग्रामसेवकानं घसा साफ केला, हात वर करायला सांगितलं, आणि अर्पिताचं नाव मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली. बस म्हणाले तर बसली नाही, अंगणातच उभी राहिली. मला वाटलं, पोर आता रडेल किंवा भांडेल. ती शांतपणे म्हणाली, “काकू, मला माहीत होतं. पप्पांनी सांगितलं होतं. मी काल तुमच्याकडंच बघत होते.” मी विचारलं, मंग तू का बोलली नाहीस? तर म्हणाली, ते बोलायचं काम माझं नव्हतं. जाताना फाटकापाशी थांबली. “आत्याला मात्र माहीत न्हाई. पप्पांनी आम्हाला बजावलं होतं, बेबीला सांगू नका, गावात तिची एकच मैत्रीण होती.” मरेपर्यंत तुझ्या भावानं तुझ्यासाठी मला सांभाळून ठेवलं, बेबी, आणि मला ते त्याच्या लेकीकडून कळलं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. माफी मागत नाही, ज्याच्याकडं मागायची तो राहिला नाही. पुढच्या बुधवारी मी घनसावंगीच्या गाडीत बसणार आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी स्टँडवरून पायीच येईन.

तू अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
तारा