बाहेरच्या खोलीतली डबी

नोव्हेंबर २००३, मंगळवार

लाज वाटतेय. ओल आलेल्या भिंतीपायी आज चक्क खोटं बोलले.

दुपारी कॉलेजातली एक मुलगी घरातला रेडॉन मोजायची प्लास्टिकची डबी घेऊन आली. हा वायू जमिनीतून, फरशीच्या भेगांतून वर येतो म्हणे. वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत जात राहिला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.

"काकू, सगळ्यात कोंदट खोली कुठली? जिथं कुणी झोपतं अशी?"

पडद्यामागची. सासूबाईंची. भिंतीला ओल, फरशी फुटलेली, खिडकी कायम बंद, कॉटखाली भांडं. आणि मी म्हणाले, "हीच की, बाहेरची."

तिनं एकदा उघड्या खिडकीकडं पाहिलं आणि डबी टांगली. आता ती तिथं वाऱ्यावर मजेत डोलतेय. काय सापडणार तिला त्या खिडकीपाशी?

"पावण्यास्नी आतली खोली दावायची न्हाय," हे मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच शिकवलेलं. पण म्हणून काय...

एरवी दिवसभर खोकतात. ती मुलगी होती तोवर पडद्यामागून हूं की चूं नाही. झोपल्या असतील, असं वाटून मला बरंच वाटलं. बरं वाटलं!

ती गेल्यावर आत गेले. सासूबाईंच्या तोंडात पदराचा बोळा, डोळ्यांतून पाणी.

"गेली व्हय पावणी?"

"गेली," म्हटलं, तेव्हा कुठं त्या खोकल्या.