पाचव्या हौदातल्या सतरा माद्या

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे ब्याऐंशी, अविवाहित, छत्तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांचा दाखल्यावर विश्वास नसेल त्यांनी मला आज सायंकाळपर्यंत काहीही विचारावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. हृदय मात्र थकले आहे, आणि पुढचा उन्हाळा मी पाहीन असे ते तपासणाऱ्यांना वाटत नाही. त्यांचा अंदाज मी ग्राह्य धरते.

याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले भाच्याच्या नावे होते. तेव्हा माझ्याकडे फक्त घर होते. दुसरे वन्यजीव खात्याच्या नावे होते. तेव्हा माझ्याकडे कासवे होती, पण माझे कुठे चुकते आहे हे मला कळलेले नव्हते.

कलम एक. माझ्या मालकीचे काय आहे ते सांगते. राहते घर, त्याची रस्त्याकडची खोली, मागचे अंगण आणि अंगणातले पाच दगडी हौद. माझे वडील रंगारी होते. सूत रंगवायला त्यांनी हे हौद बांधून घेतले. लहानपणी आमच्या घरी नळाला येणाऱ्या पाण्यापेक्षा निळे पाणी जास्त असे. वडिलांना लिहिता येत नव्हते, तरी कोणत्या हौदात किती वेळ सूत ठेवायचे हे ते बोटे बुडवून सांगत आणि चुकत नसत. मला शिकवण्यासाठी त्यांनी दोन हौद गहाण टाकले होते. त्यांचे ऋण या कागदात मावणारे नाही. ते फक्त नोंदवते.

कलम दोन. माझ्या मालकीचे काय नाही, तेही सांगणे आवश्यक आहे. अंगणातली पिवळ्या रेघांची नदीकासवे माझी नाहीत. ती खात्याच्या परवान्यावर माझ्याकडे राहतात. म्हणून ती मी कोणालाही देऊ शकत नाही. देऊ शकते ते एवढेच: पाणी, भिंत, आणि त्यांच्याकडे रोज पाहणारे एक माणूस. परवाना पुढे चालू ठेवण्यास हरकत नसल्याचे खात्याच्या साहेबांचे पत्र जोडले आहे. हे साहेब नियमावर बोट ठेवणारे म्हणून बदनाम आहेत. मी त्यांची आभारी आहे. नियम पाळणारा माणूस मला सोळा वर्षांत एकदाही खोटे आश्वासन देऊन गेला नाही.

कलम तीन. कासवे माझ्याकडे कशी आली याची नोंद असावी. सोळा वर्षांपूर्वी नदीच्या वळणावरचा वाळूचा पट्टा उपसून नेला गेला. या जातीची कासवे त्या पट्ट्याखेरीज कुठेही अंडी घालत नसत. आमच्या गल्लीतली जनावरांची डॉक्टरीण अकरा कासवे गोणत्यात घालून माझ्या दारात उभी राहिली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. परीक्षेत जेमतेम पास झालेली.

"मॅडम, तुमचे हौद रिकामे आहेत ना?"

"रिकामे आहेत म्हणून भरलेच पाहिजेत, असे अनुमान निघत नाही."

"नाही निघत. पण मी गोणतं इथं ठेवून जाते. तुम्ही अनुमान काढेपर्यंत एवढ्यांना पाणी द्या."

माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला युक्तिवाद मी त्या दिवशी हरले. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी डॉक्टरिणीला नेमते. माझा वजनकाटा, जाळी, टॉर्च आणि सोळा वर्षांच्या नोंदवह्या तिच्या. त्या वह्यांतला दोष पुढच्या कलमात येतो. तिने तो कोणापासूनही लपवू नये.

कलम चार. हे कलम माझ्या चुकीविषयी आहे.

अकरांत चार माद्या होत्या. दरवर्षी त्या हौदाकाठच्या वाळूत अंडी घालत. ती उकरून, प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली करून, ओल्या वाळूच्या पेटीत जशीच्या तशी ठेवायची, ही पद्धत. अंडे उलटे झाले तर आतला जीव मरतो. पेट्या मी मागच्या थंड खोलीत ठेवत असे. सकाळ-संध्याकाळ तापमान पाहत असे: सव्वीस अंश, ना कमी ना जास्त. पिल्ले दोन वर्षांची झाली की प्रत्येक वर्षीची दोन नमुन्यासाठी ठेवून बाकीची नदीत, जिथे वरच्या अंगाला थोडी वाळू उरली होती तिथे, सोडत असू. एकूण एकशे त्रेपन्न सोडली. खात्याने माझ्या नोंदींची प्रशंसा केली. मलाही त्या आवडत.

नऊ वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मी पाच आठवडे रुग्णालयात होते. मला तिथे उचलून नेले ते भाच्याने, जिन्यावरून, वाटेत दोनदा थांबून. त्याबद्दल त्याचे आभार. परत आले तर पेटी जागेवर नव्हती. रस्त्याकडच्या खोलीत तेव्हा इस्त्रीचे काम करणाऱ्या बाई भाड्याने राहत. गल्लीत त्यांना वाफवाली म्हणतात. मीही तेच लिहिते, कारण त्यांना ते आवडते.

"पेटी कुठे आहे?"

"माझ्या फळीवर. मागं छत गळत होतं, बाई. थेट पेटीत धार लागली होती. उचलून आणली. पण एकसुद्धा उलटं केलं नाही. तुमच्या फुल्या वरच आहेत, मोजून घ्या."

"तिथे तापमान किती असते?"

"आता ते मला काय ठाऊक. उबदार आहे. मला तरी बरं वाटतं."

"तुम्हाला बरे वाटणे हा निकष नाही."

मी तापमापी लावली. एकतीस अंश. त्यांच्या इस्त्रीच्या टेबलाची वाफ दिवसभर त्या फळीला लागत होती. त्या वर्षीची बावीस अंडी मी 'अविश्वसनीय' म्हणून नोंदवली. त्यांतून एकोणीस पिल्ले निघाली. ती इतरांत मिसळू नयेत म्हणून पाचव्या हौदात वेगळी ठेवली आणि नदीत सोडली नाहीत. वाफवालीला मी खोली सोडण्यास लेखी सांगितले. कारणे तीन दिली होती, क्रमांक घालून. त्या आठ दिवसांत गेल्या. दोन गल्ल्या पलीकडे, एका जिन्याखालच्या जागेत त्यांनी टेबल मांडले. पाच वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरीण दर वर्षीसारखी वजने घ्यायला आली. पाचव्या हौदातले एक कासव तिने उलटे धरले, मग दुसरे, मग नमुन्यासाठी ठेवलेल्यांतली सगळी. या जातीत पाच वर्षांपर्यंत नर-मादी ओळखू येत नाही. नंतर नराची शेपटी लांब आणि जाड होते.

"मॅडम, जरा शेपट्या बघा."

मी पाहिल्या. नमुन्यातली जी वयात आली होती, ती एकूण एक नर. पाचव्या हौदातली सतरा (दोन आधीच गेली होती) एकूण एक मादी. अंडे थंडीत ठेवले तर नर, उबेत ठेवले तर मादी. जुन्या पट्ट्यावर काही अंडी सावलीत असत आणि काही उन्हात. नदीने तो विचार आमच्यासाठी करून ठेवला होता. मी नदीपेक्षा व्यवस्थित होते.

डॉक्टरिणीने हातातले कासव पाण्यात सोडले. मग म्हणाली, "म्हणजे नदीत दीडशे नवरदेव मुंडावळ्या बांधून बसलेत, आणि आपण मुलगी दाखवायलाच विसरलो."

मला हसू आले नाही. नंतर आले. चार म्हाताऱ्या माद्यांपैकी तीन तोवर गेल्या होत्या, आणि चौथी त्याच हिवाळ्यात गेली. तेव्हापासून आमच्या माहितीत या जातीच्या माद्या जगात सतराच आहेत, आणि त्या सगळ्या मी फेकून देण्याच्या लायकीच्या ठरवलेल्या पेटीतल्या आहेत. त्या आज नऊ वर्षांच्या आहेत. अंडी घालायला तेरावे वर्ष लागते. माझ्याकडे चार वर्षे नाहीत. या मृत्युपत्राचा एकमेव हेतू ती चार वर्षे, आणि त्यापुढची, मिळवून देणे हा आहे.

कलम पाच. शेपट्या पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाफवालीकडे गेले. त्या शर्टाला इस्त्री करत होत्या. म्हणाल्या, "बसा, बाई. एवढे दोन संपवते." दोन झाले, तिसराही घेतला. मग मी सगळे सांगितले.

"म्हणजे माझ्या फळीवर मुली झाल्या म्हणा की."

"सतरा. माझे गृहीतक चुकीचे होते. तुमच्याविषयीचा निष्कर्षही त्यामुळे चुकला."

"बघा, एका वाक्यात झालं. घालवताना मात्र तीन पानं लिहिली होती."

त्या परत यायला तयार झाल्या. अट एकच घातली: त्यांच्या खोलीत तापमापी लावायची नाही.

कलम सहा. म्हणून माझे घर, रस्त्याकडची खोली, अंगण आणि पाचही हौद यांत राहण्याचा व ते वापरण्याचा हक्क मी वाफवालीला तहहयात देते. बँकेतली ठेव कासवांच्या खाण्यासाठी, पंपासाठी आणि छताच्या दुरुस्तीसाठी डॉक्टरिणीच्या हाती राहील. छत आधी.

कलम सात. वाफवालीच्या पश्चात, किंवा आजपासून पंचवीस वर्षांनी, यांपैकी जे नंतर होईल तेव्हा, घराची मालकी भाच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे जाईल. तोवर एकही हौद बुजवता येणार नाही. भाच्याला तिथे मालवाहू टेम्पो उभे करायचे आहेत. "आत्या, कासवांना घर कशाला? ती पाठीवरच घेऊन फिरतात," असे तो दर भेटीत म्हणतो आणि दर भेटीत स्वतःच हसतो. तो वाईट नाही. त्याला घाई आहे. वडिलांचे मनगटी घड्याळ आणि निळ्या सुताची शेवटची लड त्याला आत्ताच द्यावी. ती लड त्याच्या आजोबांनी रंगवली आहे. गाडीत लटकवू नये.

कलम आठ. माझे एकेकाळचे सहकारी, ज्यांना विद्यार्थी 'दुसरा मुद्दा' म्हणत, त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले होते की प्राण्यांच्या जाती पूर्वीपासून नष्ट होत आल्या आहेत, सबब त्या वाचवण्याचा खटाटोप हा निवृत्त माणसांचा विरंगुळा आहे. माणसेही पूर्वीपासून मरत आली आहेत. तरी रुग्णालये बंद करावीत असे त्यांनी कधी लिहिले नाही; त्यांचे दोन्ही गुडघे तिथेच बदलले गेले. जे आपोआप होते आणि जे आपण वाळूचे ट्रक लावून करतो, त्यांत फरक असतो, हे मी त्यांना चहाच्या वेळी अनेकदा सांगितले. माझी आरामखुर्ची त्यांना द्यावी. त्यांच्या टोमण्याने मला दहा वर्षे नोंदी नीट ठेवायला लावल्या, आणि नोंदी नीट होत्या म्हणूनच चूक सापडली. तेव्हा आभारही पोचवावेत.

कलम नऊ. पंचवीस वर्षांत एकही पिल्लू नदीपर्यंत पोचले नाही, तरी वाफवालीला किंवा डॉक्टरिणीला कोणी दोष देऊ नये. दोष वाटायचाच असेल तर पहिला वाटा माझा.

कलम दहा. माझ्या मागे शोकसभा नको. त्या दिवशीही कासवांना खाणे वेळेवर द्यावे.

~~कलम अकरा. कासवांची निगा, अंड्यांची मांडणी व पेट्यांची जागा याबाबत वाफवालीने सोबतच्या अठ्ठावीस लेखी सूचनांप्रमाणेच वागावे. सूचनांबाहेर कोणतीही कृती केल्यास कलम सहामधला हक्क संपुष्टात येईल.~~

वरील कलम मी आज सकाळी वाफवालीला वाचून दाखवले. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि शांतपणे ऐकून घेतले.

"बाई, घर तुमचं, कागद तुमचा. पण एक विचारू?"

"विचारा."

"छत गळायला लागलं तेव्हा मी तुम्ही लिहिलेलं वाचत बसले असते, तर या सतरा कुठून आल्या असत्या?"

उत्तर शोधण्यासाठी मी त्यांच्याकडे जेवणापर्यंतचा वेळ मागितला. जेवण झाले; त्यांच्या प्रश्नात मला दोष सापडला नाही. म्हणून ते कलम मी खोडत आहे, आणि त्या जागी पुढील वाक्य लिहीत आहे: अंडी आल्यावर वाफवालीने स्वतःला योग्य वाटेल तसे करावे.

सही (मृत्युपत्र करणारी)
ठिकाण: राहत्या घरी, मागची ओसरी
दिनांक: अकरा ऑक्टोबर, दुपारी सव्वातीन

आम्ही खालील दोघे साक्षीदार असून आम्हाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी आमच्या समोर सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली. कलम अकरा त्यांनी पट्टी लावून स्वतःच्या हाताने खोडले. खोडलेल्या जागी दोन्ही टोकांना त्यांची आद्याक्षरे आहेत. हे कलम पुन्हा घालायचे आहे का, असे आम्ही नियमाप्रमाणे त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "नाही. माझी खात्री पटली आहे."

सही, साक्षीदार एक (टपाल कार्यालयाचे निवृत्त कारकून, शेजारी)
सही, साक्षीदार दोन (कुलपे दुरुस्त करणारे, समोरचे दुकान)