काहीच न सांगणारी फाइल

२४ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात कोडची पुन्हा तीच टेस्ट लाल. एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की नापास. शुक्रवारी हिरवी होती, मधे मी कशाला हातही लावलेला नाही. डोकं पिकलं.

सकाळी गाडीची किल्ली शोधता शोधता आईला विचारलं, तुझी अमेरिकेत राहायची मुदत वाढवून घ्यायची का गं? एप्रिलच्या मध्यात संपतेय, अर्ज त्याआधी जायला हवा. म्हणाली, नको. तेवढ्यात किल्ली सापडली. बाहेर बर्फाचा नुसता राडा. उशीर झालाच.

२७ फेब्रु., गुरुवार
घरून काम. आई कॉफी घेऊन आली आणि मागे उभी राहिली. तू दिवसभर करतेस तरी काय, असं विचारलं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. सांगितलं, गाड्यांच्या कंट्रोलरसाठी आमच्या कंपनीची स्वतःची भाषा आहे. त्यात नवी सोय आली की आधी बंदच असते. ज्याला हवी त्याने फाइलच्या वरती तसं लिहायचं. न लिहिता वापरली तर कंपायलरने, म्हणजे ती भाषा यंत्राला समजेलशी करणाऱ्या प्रोग्रामने, अडवायचं. तो अडवतो की नाही, ते मी तपासते.
"म्हणजे मागितल्याशिवाय वाढायचंच नाही?"
हो म्हटलं.
"कसली मेली भाषा," म्हणाली आणि कप उचलून गेली. मला जाम हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

४ मार्च, मंगळ.
ग्रेगशी वाजलं. टीम लीड आहे, माणूस वाईट नाही, पण रिलीज जवळ आलं की त्याला फक्त हिरवं दिसायला हवं. त्याचं म्हणणं, 'चालू' लिहिलेली फाइल तपासली, 'बंद' लिहिलेली तपासली, झालं. जी फाइल काहीच सांगत नाही ती बंदच धरायची, तिच्यासाठी ही वेगळी, सारखी लाल होणारी टेस्ट कशाला. मी म्हटलं, नाही म्हणणं आणि काही न म्हणणं यात फरक आहे. आत कोडमध्ये त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो म्हणाला, वापरणाऱ्याला त्याचं काय. परत येताना गाडीत तीन उत्तरं सुचली.

९ मार्च, रवि.
इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे गेली. एक तास गेला तो गेलाच. आईने अजून आपल्या घड्याळाला नाशिकची वेळ ठेवलीय, तिला काय.
नवऱ्याला, सुहासला म्हटलं, आईच्या अर्जाचं बघायला हवं. तुझी आई आहे, तू ठरव, म्हणाला. बरोबरच आहे. पण चिडचिड झाली.

११ मार्च, मंगळ.
त्या टेस्टवर 'स्किप' लिहिलं, म्हणजे हिला वगळून पुढे जा. मीच. ग्रेगने थंब्ज-अप टाकला. आता सगळं हिरवं. हात टेकले, दुसरं काय. झोप पुरत नाही, कंबर धरलीय, वरून आमच्या कन्यारत्नाचे, अन्वीचे, ड्रायव्हिंगचे धडे. मला कोणीतरी स्किप करा.

१५ मार्च, शनि.
वाण्याकडून दुपारी परतले तर आई उपाशी. अन्वीने सकाळी पॅनकेक्स केले होते, आजीला विचारलं, आजी नको म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. मग हिने उरलेले फ्रीजमध्ये टाकले आणि अभ्यासाला गेली. आई तशीच खिडकीशी बसलेली. आपण होऊन काही घेणं तिच्या रक्तातच नाही, लेकीच्या घरी तर नाहीच.
अन्वीला बोलले. ती रडकुंडीला आली. "She said no, Mom. Twice. What was I supposed to do, force her?"
तिसऱ्यांदा विचारायचं असतं? विचारायचंच नसतं, सरळ ताटात टाकायचं असतं? सोळा वर्षांत हे मी तिला कधी शिकवलंच नाही. सांगायला गेले तर मलाच धड सांगता येईना.
आई म्हणाली, पोरीला ओरडू नकोस, मला भूकच नव्हती. आणि माझ्याबरोबर तीन पोळ्या खाल्ल्या.

१६ मार्च, रवि.
आईला पुन्हा विचारलं. नीट, बसून, टीव्ही बंद करून. राहायचंय का अजून सहा महिने? नाशिकला तरी कोण आहे आता, बाबांनंतर. फ्लॅट काय, कुलूप लावून आहेच. ती बांगडी फिरवू लागली. मग, "बघू."
सुहासचा निष्कर्ष: स्पष्ट बोलत नाहीत म्हणजे त्यांना जायचंच आहे. मी ताडकन म्हटलं, गप्प बसणं म्हणजे नाही, असं कोणी ठरवलं? त्याची काही चूक नव्हती.

१७ मार्च, सोम.
स्किप काढलं. ग्रेगला न विचारता. टेस्ट लाल, अख्ख्या टीमला मेल गेली. जाऊ दे.

२० मार्च, गुरु.
सापडलं. टेस्ट बिचारी बरोबर होती, आमचा कंपायलरच चुकत होता. लागोपाठ फाइली आल्या की आधीच्या फाइलचं उत्तर त्याच्या डोक्यात राहतं. पुढची फाइल स्वतः काही बोलली तर ठीक. गप्प असली की तिच्या नावावर शेजारणीचं उत्तर. शेजारीण 'चालू' म्हणाली तर हीही चालू. आणि हे गाडीत गेलं असतं, कुणी न मागितलेली सोय घेऊन.
ग्रेग येऊन उभा राहिला, मान खाली. म्हणाला, आपण हे झाकणार होतो. 'आपण' म्हणाला, 'मी' नाही. पण स्किप माझंच होतं. दुरुस्तीला पाच ओळी लागल्या. आनंद व्हायला हवा होता. नुसतं गळून गेल्यासारखं झालं.

३० मार्च, रवि. पाडवा
डेकवर गुढी. कडुलिंब कुठला मिळायला, आईने कढीपत्त्याची डहाळी बांधली. श्रीखंड अन्वीने न विचारता आजीच्या ताटात वाढलं, भरपूर. आईने नको नको म्हणत सगळं संपवलं. मी पानावरून उठून स्वयंपाकघरात जाऊन रडले. कशाला, कोण जाणे.
आईचं परतीचं तिकीट १२ एप्रिलचं आहे.

५ एप्रिल, शनि.
ड्रायरमधले कपडे काढून आई घड्या घालत होती. मी समोर बसले. म्हटलं, आई, आता अगदी खरं सांग, तुला राहायचंय का? अर्ज भरून तयार आहे, आज पाठवते.
तिने सुहासच्या शर्टाची घडी पूर्ण केली. आवाज अजिबात चढवला नाही.
"तिसऱ्यांदा विचारतेयस. हवंय का, हवंय का. एकदाही 'राहा' म्हणाली नाहीस."
एवढंच. आणि माझ्याकडे बघत राहिली.
लगेच म्हणायला हवं होतं. दोन अक्षरी शब्द. पण डोळ्यापुढे काय काय येऊन गेलं. ती दिवसभर खिडकीशी, मी दिवसभर ऑफिसात, रात्री आल्यावर तिच्याशी काय बोलू याचं ओझं, तिला काही दुखलंखुपलं तर इथले डॉक्टर. आणि ती गेल्यावरचं घर. मला ती हवीय. मी दमलेय. दोन्ही खरं आहे आणि त्या क्षणी दोन्ही एकदमच तोंडात आलं, म्हणून काहीच बाहेर पडलं नाही.
किती वेळ गेला माहीत नाही. फार नसेल. तिने मान हलवली, जणू मी काहीतरी बोलले होते. घड्यांची चळत उचलली आणि जिना चढू लागली.
"राहा ना," मी म्हटलं.
ड्रायरमध्ये पुढचे कपडे धडधडत होते. ऐकलं असेल. नसेलही. मी तिच्या मागे गेले नाही.